म्हणे

कुरखेड्याला, पंचायत समितीच्या जिन्याखाली
दोन जाळी एकमेकांना टेकून आहेत.
एक आरोग्य खात्याचं, जुनं.
ते गावं मोजतं, पंधरापर्यंत.
सोळावं गाव त्याच्या लेखी नाहीच.
सोळा म्हणजे अनंत.

दुसरं नवं, ग्रामपंचायतींच्या फायबरचं.
ते गावं मोजत नाही, वाट किती रुंद ते बघतं,
आणि त्याच्या प्रत्येक राउटरजवळ अख्ख्या मुलखाचा नकाशा.
मधोमध माझं खोकं, दोघांची भाषा येणारं.
शेजारच्या राइस मिलच्या कोंड्यानं
त्याचा पंखा खोकत असतो.

बसवलं त्या दिवशी एक आकडा लिहायचा राहिला.
इकडच्या वाटा तिकडे सांग, एवढंच म्हटलं.
किती लांब, ते नाही.
जुन्या जाळ्यानं ऐकून घेतलं
आणि अंतर सांगितलं नाही म्हणजे अनंतच, असं धरलं.
दुपारभर एकोणचाळीस गावं पृथ्वीवर नव्हती.

मग मी मनानंच लिहिलं: तीन.
कशाचे तीन? सांगता येणार नाही.
बाजारात सोमा पदा पायलीचे किलो करतो, तसे.
मोहफुलाची पायली वेगळी, तांदळाची वेगळी;
तो डोळे बारीक करतो, एक आकडा बोलतो,
एकदा गोंडीत, एकदा मराठीत,
आणि दोन्हीकडचे लोक पिशव्या उघडतात.

महिन्यानं कोरचीला दुसरं खोकं लागलं,
एक पडलं तर एक असावं म्हणून.
त्याच रात्री पळसटोल्याच्या कोडापे सिस्टरचा फोन:
"सर, सिकलसेलचे रिपोर्ट जाऊन नाही रायले.
चाक फिरूनच रायलं."

फिरतच होतं.
पळसटोल्याची वाट कुरखेड्यानं जुन्याकडून ऐकली,
नव्याला सांगितली. नव्यानं कोरचीला.
कोरचीला ती शेजाऱ्यानंही सांगितली होती,
पण तिच्या वहीत शेजाऱ्याच्या शब्दापेक्षा
नकाशाचा मान दहानं जास्त.
तिनं तीच वाट जुन्याला परत विकली,
माझ्याच तीनच्या भावानं.
खरी वाट सहा गावांची. ही तीनाची.
सगळे तिकडे धावले.

पाकीट निघतं ते मोजकं आयुष्य घेऊन,
नाक्यागणिक एक वजा.
कुरखेडा, कोरची, कुरखेडा, कोरची,
आणि कुठंतरी, मला वाटतं बेडगावच्या घाटात, शून्य.
आत सात वर्षांच्या एका पोरीचं रक्त होतं,
चार ओळींत लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी बाजार. सोमाजवळ जाऊन बसलो.
एक म्हातारी गोंडीत काही सांगून गेली.
तो माझ्याकडे वळला: "पुलाचं काम थांबलं, म्हने."
चहा संपायच्या आत एक मिशीवाला आला,
गुपित असल्यासारखा वाकला:
"ऐकला का सोमा, पुलाचं काम थांबलं म्हने."
सोमानं तराजू पुसला.
"थे मीच सांगतलो. मले नोको सांगू."

रात्री दोन्ही खोक्यांत थोडंच वाढवलं.
पलीकडून ऐकलेल्या वाटेच्या शेपटाला म्हणे लाव.
म्हणे लागलेली वाट, जिथली तिथं परत सांगू नको.
यंत्राच्या भाषेत तो नुसता आकडा आहे,
मी सत्त्याहत्तर घातला, तोच सुचला.
दोन वाजून दहा मिनिटांनी सिस्टरचा मेसेज:
गेला. खाली अंगठा.
पोरीचं काय निघालं, ते मला कळायचं कारण नाही.
मी फक्त वाट बघणारा.

नंतर एकदा सोमाला विचारलं,
म्हणे ला गोंडीत काय म्हणता?
त्यानं सांगितलं. मी दोनदा म्हणून पाहिलं.
तो हसला, पायली भरू लागला.
घरी पोचेपर्यंत शब्द गेला होता.
माझे सगळे शब्द त्याच्याकडे पोचतात, तीस वर्षं झाली.
त्याचे माझ्याकडे येताना
कुणीतरी अंतर लिहायचं विसरलंय.